घाटात ब्रेक पेडल दगडासारखं घट्ट झालं, सर्व्हिस सेंटर म्हणतं "नॉर्मल आहे". एसयूव्हीवाल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

माझ्याकडे सात सीटर डिझेल एसयूव्ही आहे, मॅन्युअल, सव्वादोन वर्षं झाली, रनिंग ३८ हजार. कंपनीचं आणि मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पत्रव्यवहार चालू आहे आणि मला आत्ता भांडण नकोय, कारण शोधायचंय. सगळ्या सर्व्हिसिंग वेळेवर आणि कंपनीच्याच वर्कशॉपला केल्यात.

गेल्या महिन्यात गुहागरला निघालो होतो, उंब्रज, पाटण, कोयनानगर करून कुंभार्ली घाटाने. गाडीत सहा जण, आईबाबा मधल्या सीटवर, मुलं मागे, वर बॅगा. घाट उतरायला लागलो, पहिली चार-पाच वळणं व्यवस्थित गेली आणि मग एका उजव्या वळणाच्या आधी ब्रेक दाबला तर पेडल खाली जाईचना. भिंतीवर पाय रेटल्यासारखं. गाडी जराशी मंदावली पण थांबेना, मी घाबरून परत परत पाय मारत राहिलो आणि दर वेळी ते आणखीच घट्ट होत गेलं. समोरून एसटी वर येत होती. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकली, इंजिन केवढ्यांदा ओरडलं, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि एक चाक गटारात उतरलं तेव्हा थांबली. आई मागून विचारत होती काय झालं रे, माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून तिथेच थांबलो. परत ब्रेक दाबून बघितला तर एकदम नॉर्मल! जसं काही झालंच नाही. पोफळीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो.

आल्यावर तीनदा गाडी दाखवली. तिन्ही वेळा जॉब कार्डवर "ब्रेक चेक केले, ओके" एवढंच. सर्व्हिस ॲडव्हायझर एकटा बसून सपाट रस्त्यावर दोन किमी फिरवून आणतो आणि म्हणतो सर लोड होता, घाट होता, ब्रेक तापले असतील, नॉर्मल आहे. अहो, सहा माणसं बसवून घाट उतरण्यासाठीच सात सीटर घेतली ना आम्ही.

कुणाला असा अनुभव आलाय का? बायको म्हणते विकून टाक. पण ही गाडी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायची, त्याच्याही घरात मुलं असतील, हे मनाला पटत नाही.

मनमाड_जंक्शन

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. शंभरातल्या नव्वद केसेसमध्ये ब्रेक नाही, ड्रायव्हर चुकलेला असतो. वडील एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. ते सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, ब्रेक फक्त वळणाला. आताची मंडळी चौथ्या-पाचव्यात घाट उतरतात आणि ब्रेकवर पाय ठेवून बसतात, डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे तर मी कसाऱ्याला रोज बघतो. मग पॅड तापणार, वास येणार, ब्रेक सुटणार. गाडीला दोष देण्याआधी एकदा स्वतःचं ड्रायव्हिंग तपासा.

इंद्रायणीकाठ

दादा, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि वडिलांचा नियम मीही पाळतो. न्यूट्रल कधीच करत नाही. मी तिसऱ्यात होतो, स्पीड पस्तीसच्या आसपास. जळका वास अजिबात नव्हता, खाली उतरून चाकांजवळ हात नेऊन बघितला, गरम होतं पण तसं भयंकर काही नाही. आणि तापून सुटलेला ब्रेक पंधरा मिनिटांत इतका ठणठणीत होतो का?

उद्यमनगरवाला

कोल्हापुरात आमचं गॅरेज हाय, वीस वर्षं हेच काम. साहेब, तुम्ही एक शब्द फार नेमका लिहिलाय, "घट्ट". त्यावरनं निम्मं निदान होतंय. म्हणून जरा सविस्तर लिवतो, सगळ्यांनीच वाचा.

ब्रेक जाणं म्हणजे एकच रोग नव्हं. दोन वेगवेगळे रोग हायत आणि दोन्हीचं औषध एकमेकाच्या उलटं हाय.

एक, पेडल खाली जातंय, मऊ लागतंय, फळीला टेकतंय. हा ब्रेक ऑइलचा रोग. लाइनीत हवा, ऑइल गळती, मास्टर सिलिंडर (पायाचा दाब ऑइलला देणारा भाग) आतनं लीक, नाहीतर ऑइल उकळून वाफ झालेली. अशा वेळी पेडल पटापट पंप करायचं, थोडा तरी दाब तयार हुतोय.

दोन, पेडल खालीच जात नाही, दगड. ही तुमची केस. हा व्हॅक्युमचा, म्हंजे हवा ओढून केलेल्या पोकळीचा रोग. बोनेट उघडा, ड्रायव्हरच्या समोर फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) जेवणाच्या ताटाएवढा काळा गोल डबा दिसंल, त्यो बूस्टर. त्याच्या आत पडदा असतोय, एका बाजूला व्हॅक्युम, दुसऱ्या बाजूला पेडल दाबलं की बाहेरची हवा, आणि ह्या फरकाच्या जोरावर तुमच्या पायाचा जोर कितीतरी पटीनं वाढतोय. पेट्रोलला हा व्हॅक्युम बहुतेक इंजिनाच्या ओढीतनं मिळतोय, डिझेलला वेगळा व्हॅक्युम पंप लागतोय. पंपापासनं बूस्टरपर्यंत एक पाइप आणि मधी एक नॉन रिटर्न वॉल.

आता पंप कमजोर झाला, पाइपला चीर गेली, वॉल अडकला, तर काय हुतंय बघा. सपाट रस्त्यावर तुम्ही एकदा ब्रेक मारता, मग अर्धा किलोमीटर काय न्हाई. तेवढ्यात पंप परत डबा भरून टाकतोय. म्हणून टेस्ट ड्राइव्हला कायच सापडत न्हाई. घाटात मात्र दर दहा सेकंदाला ब्रेक, डबा भरायच्या आत रिकामा, चार-पाच वळणं झाली की साठा संपला. तुमचंबी चार-पाच वळणांनीच झालंय न्हवं का? आणि थांबून इंजिन चालू ठेवलं, पंधरा मिनटात डबा भरला, ब्रेक परत नॉर्मल. सगळं जुळतंय.

महत्त्वाचं. पेडल घट्ट झालं तर पंप करायचं न्हाई! दर वेळी पाय उचलला की उरलासुरला व्हॅक्युम जातोय. पाय न उचलता, लागलं तर दोन्ही पायांनी, सीटला पाठ टेकवून सगळा जोर लावून दाबून धरायचं. ब्रेक गेलेला नसतोय, मदत गेलेली असतीया. ऑइलची लाइन शाबूत हाय, फक्त ताकद तुमची लागणार. संगट गिअर खाली, हँडब्रेक बटन दाबून धरून हळूहळू.

आता घरी करायच्या टेस्ट. सपाट जागा, गिअर न्यूट्रल, चाकाला दगड लावा.

इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबा, घट्ट हुईल. तसंच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली दोन बोटं खाली गेलं पाहिजे. न्हाई गेलं तर व्हॅक्युम पोचतच न्हाई.

दुसरी, इंजिन दोन मिनटं चालवून बंद करा, ब्रेकला हात-पाय न लावता तासभर जाऊ द्या. मग दाबा. पहिले एक-दोन दाब मऊ लागले पाहिजेत. पहिलाच दगड लागला तर वॉल किंवा पाइप व्हॅक्युम धरून ठेवत न्हाई.

तिसरी ऑइलची, इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट एकसारखं दाबून धरा. हळूहळू खाली सरकत गेलं तर मास्टर सिलिंडर, नाहीतर कुठंतरी गळती.

करून सांगा. तोवर लांबचा प्रवास नको.

तांबडी_माती

वरचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला कारण माझं बरोबर उलटं झालं होतं आणि मी काय केलं असतं कुणास ठाऊक. आंबा घाट, साखरप्याकडे उतरताना, पेडल फळीपर्यंत खाली. मी नशिबाने पंप केलं म्हणून वाचलो, पण ते नुसतं घाबरून केलं, ठरवून नाही. माझी पाच सीटर एसयूव्ही आहे, दुसऱ्या हाताने घेतलेली, ६ वर्षं जुनी. गार झाल्यावर पेडल परत आलं. रत्नागिरीतल्या मेकॅनिकने ब्रेक ऑइल एका काचेच्या ग्लासात काढून दाखवलं तर कोरा चहा. नवीन असतं ते जवळजवळ पाण्यासारखं, किंचित पिवळसर, ते पण त्याने शेजारी ठेवलं. मालकाने सहा वर्षांत एकदाही बदललं नसावं. उद्यमनगरवाले दादा, फक्त ऑइलमुळे एवढं होतं?

उद्यमनगरवाला

हुतंय ताई/दादा, आणि कोकणात तर जास्तच. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतंय, तो त्याचा स्वभावच हाय. डॉट ४ ह्या प्रतीचं नवीन ऑइल किमान २३० डिग्रीला उकळतंय, पण त्यात साडेतीन-चार टक्के पाणी मुरलं की तेच १५५ च्या आसपास. डॉट ३ ला २०५ आणि १४०. घाटात कॅलिपर (चाकाजवळ पॅड दाबणारा भाग) तापला, त्यातलं पाणी उकळलं, वाफ झाली. ऑइल दाबलं जात न्हाई, वाफ दाबली जाती, म्हणून पाय खाली. गार झालं की वाफेचं परत पाणी, ब्रेक परत आला. माणसाला वाटतंय आपलाच भास झाला.

म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलायचं, नुस्तं टॉपअप न्हाई. आणि पातळी कमी दिसली म्हणून लगेच ओतूबी नका. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतोय आणि डब्यातलं ऑइल खाली जातंय, तो इशारा असतोय. वरनं ओतलं की इशारा पुसला. आधी पॅड बघा. झाकणावर डॉट ३ का ४ लिवलेलं असतंय तेच वापरा.

तांबडी_माती

ताईच. धन्यवाद. त्याच वेळी मागच्या कॅलिपरची एक पिन गंजून जाम झालेली सापडली, ती हातोडीने ठोकून काढावी लागली, आतल्या बाजूचा पॅड पत्र्याला आला होता आणि बाहेरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार पॅड चांगलेत. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी पावसाळा संपला की चाकं काढून पिना साफ करून ग्रीस लावून घ्या, आमच्याकडे खारी हवा लोखंड खाते.

पेठेतला_प्रवासी

एक शंका. मला पण ब्रेकचा प्रॉब्लेम आहे, जोरात मारला की पेडल पायाखाली थरथरतं आणि कर्रर्र आवाज येतो. पावसात तर हमखास. दोनदा दाखवलं, तेही म्हणाले नॉर्मल.

मनमाड_जंक्शन

हे मात्र खरंच नॉर्मल आहे. एबीएस आहे तो. चाक लॉक होऊ नये म्हणून दाब सोड-धर करतो, त्याचे धक्के पायाला लागतात. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नवीन कार्सना कंपल्सरी आहे. घाबरून पाय सोडू नका, दाबून धरा आणि स्टीअरिंग वळवा, त्याच्यासाठीच तो आहे. खडी-मातीवर एबीएसने गाडी उलट थोडी लांब थांबू शकते हेही ध्यानात ठेवा. मात्र हलक्या ब्रेकला, कोरड्या रस्त्यावर पेडल किंवा स्टीअरिंग थरथरत असेल तर तो एबीएस नाही, डिस्क वाकडी झालेली असते, मग दाखवा.

आणि धागाकर्त्याची माफी मागतो. मी न वाचताच ड्रायव्हरवर ढकललं. व्हॅक्युमचं मला माहीत नव्हतं.

लातूरची_अनु

माझी तक्रार ब्रेक न लागण्याची नाही, नको तेव्हा लागण्याची आहे. नवीन गाडी, ॲडासवाली, म्हणजे समोर अडथळा दिसला की स्वतःच ब्रेक मारणारी. सोलापूर हायवेला ऐंशीने जात होते, पुढे डाव्या कडेला उसाची ट्रॉली उभी आणि रस्ता किंचित वळलेला. गाडीने स्वतःच कचकन ब्रेक मारला. मागे पिकअप होती, त्याने कसं सावरलं त्याचं त्याला माहीत, हॉर्न दाबत पुढे गेला. सासूबाई पाणी पीत होत्या, सगळं अंगावर. दुसऱ्यांदा तेच, दुचाकीवाला आडवा घुसला, तेव्हा मात्र बरोबर मारला, मान्य करते, मी उशीरच केला असता. म्हणजे ही सिस्टीम बंद करून टाकावी असंही मन होत नाही आणि भरवसाही बसत नाही. वर्कशॉपने कॅमेऱ्यासमोरची काच पुसली आणि बिल शून्य म्हणून परत पाठवलं. जॉब कार्ड पण बनवलं नाही.

इंद्रायणीकाठ

अनुताई, जॉब कार्ड बनवल्याशिवाय गाडी द्यायचीच नाही, हे मी या महिन्यात शिकलो. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही. आणि कार्डवर ते त्यांच्या भाषेत लिहितात "ब्रेक चेक". आपण सही करण्याआधी आपल्या शब्दांत लिहायला लावायचं, "घाटात उतरताना पेडल घट्ट होऊन गाडी थांबली नाही, अमुक तारीख, अमुक ठिकाण, रीडिंग इतकं". माझ्या पहिल्या दोन कार्डांवर हे नव्हतं म्हणून ते आता म्हणतायत तुमची तक्रारच नव्हती.

टेस्ट शनिवारी सकाळी करतो, रात्रभर गाडी उभी ठेवून.

पाणीदार

थोडं वेगळं पण ब्रेकचंच. माझ्या मेव्हण्याचा ब्रेक सोसायटीच्या रॅम्पवर लागला नाही, गाडी खांबावर गेली. गाडीत दोष नव्हता, एक लिटरची पाण्याची बाटली सीटखालून घरंगळत पेडलखाली आलेली. चपटी झालेली बाटली मी स्वतः काढली. ड्रायव्हरच्या पायाशी काहीही ठेवू नका, बाटली, चपला, मुलांचा बॉल. मॅटवर मॅट टाकू नका. २००९ मध्ये अमेरिकेत टोयोटाने मॅट ॲक्सिलरेटरमध्ये अडकण्यावरून अडतीस लाख गाड्यांचा रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं) काढला होता, आणि त्याआधी ऑगस्टमध्ये ज्या लेक्ससच्या अपघातात एक अख्खं कुटुंब गेलं तिच्यात दुसऱ्याच मॉडेलची रबरी मॅट टाकलेली होती. आपल्याकडे बाजारात मिळते ती बसवतो आणि क्लिप लावतच नाही.

इंद्रायणीकाठ

शनिवार सकाळ. टेस्ट केली. मुलाला व्हिडिओ काढायला लावला.

पहिली टेस्ट: पेडल खाली गेलं, पण अगदी थोडं आणि हळू. शेजाऱ्यांची तशीच गाडी आहे (तेच मॉडेल, सहा महिन्यांनी नवीन), त्यांच्या गाडीत चटकन दोन-तीन बोटं गेलं. फरक डोळ्यांना दिसतो.

दुसरी टेस्ट: रात्रभर उभ्या गाडीत पहिलाच दाब दगड. रात्र फार झाली म्हणाल म्हणून परत चालू करून, बंद करून वीस मिनिटांनी केली. तरी दगड. शेजाऱ्यांच्या गाडीत वीस मिनिटांनी दोन दाब मस्त मऊ.

तिसरी ठीक आहे, पेडल सरकलं नाही.

उद्यमनगरवाला

झालं की मग. वॉल न्हाईतर पाइप. पहिल्या टेस्टला हळू गेलं म्हणजे पंप अजून ओढतोय पण कुठंतरी हवा आत येतीया. वर्कशॉपला सांगा व्हॅक्युम गेज लावून तुमच्या समोर दाखवा. गेज असतोयच त्यांच्याकडं. पाइप हातानं पिळून बघायला सांगा, चीर बहुदा वाकणाच्या आतल्या बाजूला असती, सरळ ठेवला तर दिसत न्हाई.

आणि सगळ्या डिझेलवाल्यांनो, कितीतरी गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच असतोय. बेल्ट तुटला की चार्जिंगपण गेलं आणि व्हॅक्युमपण. म्हणून घाटात बॅटरीचा लाल दिवा लागला तर "घरी जाऊन बघू" म्हणू नका, पहिल्या मोकळ्या जागी थांबा. ब्रेकचे एक-दोनच दाब शिल्लक असतील.

मिशिगनचा_मराठी

इकडे डेट्रॉइटजवळ राहतो, गाड्यांच्याच क्षेत्रात काम. बूस्टरच्या दोषाला कुणी किरकोळ समजू नये म्हणून एक उदाहरण देतो. एप्रिल २०१४ मध्ये क्रायस्लरने जीप ग्रँड चेरोकी आणि डॉज डुरँगो या दोन एसयूव्ही, २०११ ते २०१४ ची मॉडेलं, जगभरात मिळून साडेआठ लाखांहून जास्त, परत बोलावल्या. दोष काय, तर बूस्टरच्या आतला भाग गंजून पाणी शिरू शकत होतं आणि थंडीत ते गोठलं की ब्रेक पुरेसा लागत नसे. सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया मिळून तेहतीस लाखांवर गाड्या, एबीएसच्या युनिटमध्ये ब्रेक ऑइल गळून शॉर्ट सर्किट आणि आग लागण्याचा धोका, दुरुस्ती होईपर्यंत गाडी घराबाहेर उघड्यावर लावा असं मालकांना कळवलं होतं.

इथे मालक सरकारी सुरक्षा संस्थेकडे, एनएचटीएसएकडे, थेट ऑनलाइन तक्रार करतात, ती सगळ्यांना वाचता येते, एकाच मॉडेलच्या सारख्या तक्रारी साचल्या की चौकशी लागते. गाडीचा सतरा अक्षर-अंकांचा चासी नंबर टाकला की आपल्या गाडीवर रिकॉल आहे का ते कळतं आणि दुरुस्ती फुकट. कंपन्या इथल्या काही जास्त सज्जन आहेत असं नाही, तक्रार मोजली जाते हा फरक आहे. भारतातही आता तशी सोय आहे ना?

नागपूरची_संत्री

आहे जी. वकिली करते, ग्राहक आयोगातल्या केसेस चालवते, म्हणून सांगते.

१ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू आहेत. मोटर वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११० अ आलं त्याखाली. सात वर्षांच्या आतली गाडी असेल तर परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर दोषाची तक्रार टाकता येते, चासी नंबर जवळ ठेवा. विक्रीच्या प्रमाणात ठरावीक तक्रारी झाल्या तर चौकशी, आणि सरकारने रिकॉल करायला लावला तर १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड. आता पाहा, लोक ग्रुपवर चारशे मेसेज टाकतात आणि पोर्टलवर एकही नाही. त्या चारशेंना कायद्यात किंमत शून्य. धागाकर्त्या भाऊंनी शेजाऱ्यांना, त्या मॉडेलच्या इतर मालकांना पण सांगावं, दोष आढळला तर तिथं टाका.

दुसरा रस्ता, १९१५ या नंबरवर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तक्रार कंपनीच्या वरच्या ऑफिसला जाते आणि बऱ्याचदा तिथंच हालचाल होते.

तिसरा, जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतचा व्यवहार जिल्ह्यातच, आणि २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथं राहता तिथं केस टाकता येते, शोरूमच्या गावी जायची गरज नाही. फी १० ते २० लाखांच्या गाडीला ४०० रुपये, २० ते ५० लाखांना १०००. मुदत दोन वर्षं. पण एक गोष्ट मनाशी धरा, उत्पादनातला दोष सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. "मला वाटलं ब्रेक गेला" यावर काही मिळत नाही. आयोगाकडे अर्ज करून कलम ३८ खाली लॅबची तपासणी मागता येते. जॉब कार्डं, ईमेल, व्हिडिओ, आणि बदललेला जुना पार्ट! पार्ट बदलला की तो ते ठेवून घेतात, तिथंच पुरावा संपतो. निदान त्याचे फोटो, नंबरासकट, तुमच्यासमोर काढून घ्या.

धरणकाठची_सई

सगळं पटतंय, पण ब्रेक उत्तम असले तरी मागच्यांनी बेल्ट लावला नसेल तर काय उपयोग? अनुताईंच्या सासूबाईंचं पाणी सांडलं, माझ्या आत्याचा खांदा निखळला, गाडी कुठेही धडकलेली नसताना, नुसत्या जोरात मारलेल्या ब्रेकने. चाळीसचा स्पीड होता. ती मागे मधे बसली होती, पुढच्या दोन सीटच्या मधून थेट गिअरवर आली. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, गाडी महागडी, एअरबॅगवाली, आणि मागच्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. महिनाभर सगळे मागे बेल्ट लावत होते. आता परत सीट कव्हरखाली बकल दाबून टाकलेलं असतं, आमच्याही गाडीत होतं, मी कात्रीने कव्हर कापून बाहेर काढलं.

इंद्रायणीकाठ

आई आता न सांगता बेल्ट लावते, घाटानंतर. आधी "गुदमरतं" म्हणायची.

अपडेट उशिरा देतोय, माफ करा. संत्रीताईंनी सांगितलं तसं केलं. १९१५ ला तक्रार, कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, सोबत तिन्ही जॉब कार्डं आणि माझ्या-शेजाऱ्यांच्या गाडीचा तुलनेचा व्हिडिओ. चौथ्या दिवशी फोन आला, एरिया मॅनेजर स्वतः येतो म्हणाले. मी अट घातली, सहा माणसं बसवून टेस्ट ड्राइव्ह आणि व्हॅक्युम गेज माझ्यासमोर.

गेज लावला. इंजिन चालू असताना काटा चढला पण कापत राहिला. बंद केल्यावर सगळे काट्याकडे बघत उभे, मी, मॅनेजर, तोच ॲडव्हायझर, दोन मेकॅनिक पोरं. मिनिटभरात शून्य. कुणी काही बोललं नाही. मग एका पोराने पाइप काढून वाकवला, वाकणाच्या आतल्या बाजूला नखाएवढी चीर. एका पत्र्याच्या ब्रॅकेटच्या कडेला घासून घासून पडलेली. उद्यमनगरवाले दादा, तुम्ही कोल्हापुरात बसून जागा सांगितलीत.

पाइप आणि वॉल बदलून दिला. आधी म्हणाले रबर पार्ट वॉरंटीत नाही, मग मॅनेजरने काहीतरी फोन केला आणि वॉरंटीत झालं. जुन्या पाइपचे फोटो काढलेत. पार्ट मागितला, दिला नाही, तो नकारही ईमेलवर लेखी घेतलाय. ब्रॅकेटची कडा मात्र तशीच आहे! मी म्हटलं परत घासेल, तर त्यांनी पाइपवर स्पंजची पट्टी गुंडाळून दिली. म्हणजे माझ्या एका गाडीचा प्रश्न सुटला, ज्या ज्या गाडीत पाइप त्या कडेवरून जातो त्यांचं काय? शेजाऱ्यांचा पाइप बघितला, त्याच जागी पांढरा ओरखडा पडलाय, अजून फाटला नाही. आम्ही दोघांनी पोर्टलवर तक्रार टाकली आहे. डिझेल सात सीटरवाल्यांपैकी कुणाला ते ब्रॅकेट ओळखीचं वाटत असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जागेचा फोटो पाठवतो, जुळलं तर तुम्हीही टाका.

उद्यमनगरवाला

स्पंज उन्हात-उष्णतेत सहा महिन्यात भुगा हुईल. चीर पाडलेला जाड रबरी पाइप त्याच्यावर चढवा, वीस-तीस रुपयांचं काम. आणि दर सर्व्हिसिंगला वाकवून बघा.

नवी_मुंबईकर

इथे पहिल्यांदाच लिहितोय. काल रात्री हा धागा वाचला, डिझेल सात सीटरच आहे, उद्या पहाटे घरच्यांना घेऊन आंबोलीमार्गे सावंतवाडीला निघणार होतो. आत्ता खाली पार्किंगमध्ये जाऊन पहिली टेस्ट केली. इंजिन चालू झालं, पेडल हललं नाही. तीनदा केली. शेजारच्या काकांनाही पाय ठेवून बघायला सांगितलं. गाडी तिथेच चाकाला वीट लावून ठेवली आहे, टोइंगला फोन केलाय, आणि ट्रेनची तिकिटं बघतोय. इंद्रायणीकाठ, ब्रॅकेटचा फोटो पाठवा.